पीसीओएस: इनोसिटॉल, मेथी, व्यायाम, काढे... किती, कसं आणि कधीपर्यंत?

रानजाई
पीसीओएसवर (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी आणि बीज सुटणं अडखळतं तो विकार) इथे प्रतिसाद ढीगभर पडलेत, पण मात्रा कुठेच नाही. "मेथीचं पाणी घ्या." किती? कशासाठी? कधीपर्यंत? म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. औषधं सोडून काय करावं यासाठी हा धागा नाही. औषधांच्या जोडीनं किंवा औषधांची गरज पडण्याआधी काय करता येतं, एवढंच इथे लिहूया.

आधी निदान. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "पीसीओ" (अंडाशयात पुष्कळ बारीक पिशव्या) छापून आलं म्हणजे पीसीओएस झाला असं नव्हे. तीनपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, पाळी अनियमित: म्हणजे पाळी सुरू होऊन तीन वर्षं उलटल्यावरही दोन पाळ्यांत २१ पेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त दिवस, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या. दोन, अँड्रोजन म्हणजे पुरुषी हार्मोन जास्त, मग ते हनुवटीवरच्या राठ केसांवरून दिसो वा रक्तात सापडो. तीन, सोनोग्राफीत एका अंडाशयात २० किंवा जास्त फॉलिकल्स (बीज असलेल्या बारीक पिशव्या), नाहीतर अंडाशयाचं आकारमान १० मिलि किंवा जास्त. आणि हे सगळं थायरॉईड, प्रोलॅक्टिन, १७-हायड्रॉक्सी-प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स रक्तात तपासून दुसरं कारण नाही ना हे बघितल्यावर. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील तर तिसरा निकष लावायचाच नाही, कारण त्या वयात धडधाकट मुलींची अंडाशयंही तशीच दिसतात. तिथे पहिल्या दोन्ही गोष्टी हव्यात.

आणि हो, सोनोग्राफीत दिसणाऱ्या त्या "गाठी" गाठी नसतातच. वाढ अर्धवट थांबलेली फॉलिकल्स असतात ती. त्यामुळे "गाठी विरघळवणारा काढा" असं कुणी विकत असेल तर विरघळवायला तिथे मुळात काही नाही.

एक आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा: ९०. काहीही घेत असाल, कितीही बरं वाटत असो, ९० दिवस पाळी आली नाही तर आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट आणि मग स्त्रीरोगतज्ज्ञ. बीज सुटत नाही तेव्हा प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर मात्र वाढत राहतं. ते वर्षानुवर्षं तसंच राहू दिलं तर अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. इथे चूर्णं नाहीत, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या लागतात.

अबोली_१२
धन्यवाद रानजाईताई, ही मांडणी हवी होती. खाण्याचं नेमकं सांगाल? सगळीकडे "गहू बंद, दूध बंद, भाकरी चालू" एवढंच वाचायला मिळतं. आणि वजन मुळात ४८ किलोच असेल तर?

रानजाई
गहू किंवा दूध पीसीओएस आहे म्हणून बंद करायला ठोस आधार नाही. सीलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आजार) असेल किंवा दूध पचत नसेल तर गोष्ट वेगळी. पीसीओएसवरच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही अमुक एकच आहार सरस असं म्हटलेलं नाही. जो वर्षभर निभेल तो चांगला.

भाकरीचा घोळ असा: ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात. हातावर थापलेली मध्यम भाकरी ५० ग्रॅम पिठाची धरली तर एकीत ३४ ग्रॅम. घडीची पातळ पोळी २५-३० ग्रॅम कणकेची, म्हणजे १८ ते २० ग्रॅम. दोन पोळ्यांच्या जागी "भाकरी काय, चालतेच" म्हणून तीन भाकऱ्या गेल्या तर कर्बोदकं अडीचपट होतात. भाकरी उत्तमच, तंतू जास्त, पोट भरलेलं राहतं, पण मोजून. एकदा तरी पिठाचा गोळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. नाचणीचंही तेच. नाचणीची भाकरी वेगळी आणि नाचणीच्या सत्त्वाची, गूळ घालून शिजवलेली पातळ पेज वेगळी. तीच नाचणी, पण पेज भसकन साखर वाढवते.

खरी कमतरता असते ती प्रथिनांची. ६० किलोच्या बाईला रोज ६० ग्रॅमच्या आसपास हवीत. पोह्यांच्या बशीत जेमतेम चार-पाच. त्यावर शेव टाकून काही होत नाही. वाटीभर मोडाची मटकी परतून घाला नाहीतर सोबत दोन अंडी घ्या, १२ ग्रॅम तिथेच झाले. ३० ग्रॅम कोरडी डाळ म्हणजे ६-७ ग्रॅम प्रथिनं, पण घरोघरी वरण इतकं पातळ असतं की एका वाटीत १५ ग्रॅमसुद्धा डाळ नसते. ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २५ ग्रॅमच्या आसपास, १०० ग्रॅम पनीर १८. शेंगदाणे ३० ग्रॅम घेतले तर सातेक ग्रॅम प्रथिनं, पण १७० कॅलरी. त्यामुळे दाण्याचं कूट "प्रोटीन" म्हणून सढळ हातानं घालू नका.

उपवास: साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नाही. राजगिऱ्यात १३-१४. चतुर्थीला खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दह्यातली काकडी आणि मूठभर दाणे हा सरळ बदल आहे.

चहा: कपाला दोन चमचे साखर, दिवसाला तीन कप, झाली ३० ग्रॅम. गूळ घातला तरी हिशोब तोच.

४८ किलोचं. वजन जास्त असेल तर त्यातलं ५ ते १० टक्के उतरल्यावर पुष्कळदा पाळी सुधारते. उंचीच्या मानानं वजन बरोबर असेल तर कमी करायचं काही कारण नाही. उलट पोटाला चिमटा काढून पाळी थांबते, ती मेंदूकडून येणारा संदेश मंदावल्यामुळे. आणि तेव्हा केलेल्या सोनोग्राफीतही अंडाशय पीसीओसारखं दिसू शकतं! मग "पीसीओएस वाढला" म्हणून आणखी कडक डाएट. हे चक्र फार बायकांच्या वाट्याला येतं. अशा वेळी एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल ही पाळीची हार्मोन्स रक्तात बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काळा_चहा
औषधाच्या दुकानातल्या बाजूनं लिहितो. सध्या सगळ्यात जास्त खपतं ते इनोसिटॉल (साखरेसारखा एक घटक, मायो आणि डी-कायरो हे त्याचे दोन प्रकार) आणि सगळ्यात चुकीचं घेतलं जातं तेही तेच.

अभ्यासांमध्ये नेहमी वापरलेली मात्रा म्हणजे मायो-इनोसिटॉल २ ग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज ४ ग्रॅम. डी-कायरो-इनोसिटॉल जोडलेलं असेल तर ४० ला १ या प्रमाणात, म्हणजे ४ ग्रॅमला १०० मिलिग्रॅम. आता गोळीच्या पाकिटाची मागची बाजू बघा. नेहमीची गोळी मायो ५५० मिग्रॅ आणि डी-कायरो १३.८ मिग्रॅ. प्रमाण बरोबर ४० ला १ आहे, पण "सकाळी एक, रात्री एक" घेतली तर दिवसाचे झाले १,१०० मिग्रॅ. चार ग्रॅम गाठायला सात-आठ गोळ्या लागतील. मग तीन महिन्यांनी "इनोसिटॉलनं काही झालं नाही" म्हणतात. चतकोर मात्रेनं काय होणार? सॅशे किंवा सुटी पावडर असेल तर गणित सोपं जातं. पाण्यात विरघळते, चव किंचित गोडसर असते, साखर वाढत नाही. काही ब्रँड "प्रति सर्व्हिंग" लिहितात आणि सर्व्हिंग म्हणजे दोन गोळ्या असतात, तेही तपासा. डी-कायरो प्रमाणाबाहेर असलेली पाकिटंही असतात. जास्त डी-कायरो बीजाच्या प्रतीला बाधतं असं काही अभ्यासांत दिसलंय, म्हणून मूल हवं असणाऱ्यांनी ती टाळावीत.

काय अपेक्षा ठेवायची? इन्सुलिनच्या बाजूनं थोडा फायदा, त्रास जवळपास नाही (झालाच तर गॅस, पातळ शौच). वजन, लव आणि बीज सुटणं यावर फायदा मर्यादित. वजन मुख्यतः पोटावर आणि लव जास्त असेल तर मेटफॉर्मिन (मधुमेहात देतात ते औषध) सरस ठरतं.

एक धोक्याची सूचना. मेटफॉर्मिन आणि इनोसिटॉल एकाच गोळीत असलेली पाकिटंही मिळतात. नाव वेगळं असल्यानं "ही तर व्हिटॅमिनची" असं समजून आधीच्या मेटफॉर्मिनसोबत तीही सुरू होते. तसंच ड जीवनसत्त्वाचं. ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा, बहुतेक आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं महिन्याला एक किंवा बंद. ते चुकून रोज घेतलं किंवा वर्षभर दर आठवड्याला चालू ठेवलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं: मळमळ, तहान, बद्धकोष्ठ, पुढे मूत्रपिंडावर ताण. तीन पाकिटं असतील तर तिन्हीवरची घटकद्रव्यं एका कागदावर उतरवा आणि सारखी नावं जुळवा. पाच मिनिटांचं काम आहे.

अबोली_१२
मेटफॉर्मिन "शुगरची गोळी" म्हणून घरचे घेऊ देत नाहीत, असं बरेच जण लिहितात. शुगर नसताना ती का देतात?

काळा_चहा
पीसीओएसमध्ये रक्तातली साखर नॉर्मल असली तरी ती नॉर्मल ठेवायला शरीर जास्त इन्सुलिन ओततं, आणि ते जादा इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजन बनवायला लावतं. मेटफॉर्मिन त्या मुळाशी काम करतं. एकट्या मेटफॉर्मिननं साखर धोकादायक पातळीला उतरत नाही. पोट बिघडतं ते एकदम मोठी मात्रा घेतल्यानं: ५०० मिग्रॅ जेवणासोबत, एक-दोन आठवड्यांनी आणखी ५००, अशी चढवतात. हळू सुटणारी गोळी चावू किंवा मोडू नये. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ तपासत राहावं, शाकाहारी असाल तर नक्कीच.

सूक्ष्मदर्शक
तपासणीबद्दल थोडं, कारण चुकीच्या तपासणीवर बरोबर उपचार होत नाहीत.

केसांसाठी गमी किंवा गोळ्या खाता? त्यात बायोटिन असतं, बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम. अनेक मशिनांवर ते थेट तपासणीत लुडबुड करतं: टीएसएच (थायरॉईडची तपासणी) खोटं कमी दिसतं, टेस्टोस्टेरॉन (मुख्य पुरुषी हार्मोन) आणि फ्री टी-४ (थायरॉईडचं हार्मोन) खोटं जास्त. म्हणजे थायरॉईड वाढल्यासारखं आणि पीसीओएस बळावल्यासारखं, दोन्ही एकाच गमीमुळे! रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासून अर्थ नाही, गोळ्या ते दाबून ठेवतात. तीन महिने थांबावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारून आणि दुसरं गर्भनिरोधन वापरून.

साखरेसाठी नुसती उपाशीपोटी साखर बघून समाधान मानू नका. पीसीओएसमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी जास्त पकडते. धोक्यानुसार एक ते तीन वर्षांनी पुन्हा. तिच्याआधी तीन दिवस नेहमीसारखं जेवा. "रिपोर्ट चांगला यावा" म्हणून भात-पोळी बंद करून गेलात तर रिपोर्ट उलट वाईट येऊ शकतो.

आणि मान काळवंडली असेल, काखेत मखमलीसारखा जाड काळपट पट्टा असेल, तर तो मळ नाही. बेसन-लिंबानं घासून फक्त सोलवटतं. ती इन्सुलिन वाढल्याची खूण आहे.

सोनटक्का
व्यायाम. मोठ्या माणसांसाठी लक्ष्य आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, अधिक आठवड्यातून दोन दिवस, लागोपाठ नव्हेत, स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. वजन उतरवायचं असेल तर मध्यम व्यायाम किमान २५० मिनिटं.

मध्यम म्हणजे? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग. मैत्रिणीशी सगळ्या बिल्डिंगच्या बातम्या सांगून होतात आणि श्वास लागत नाही, तर ती शतपावली. शतपावली वाईट नाही, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. पण ती १५० मिनिटांत धरू नका.

बहुतेकींचा ताकदीचा भाग राहून जातो आणि तोच महत्त्वाचा, कारण जेवणातलं ग्लुकोज सगळ्यात जास्त स्नायूच ओढून घेतात. जिम नको. भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. तिच्यापुढे उभं राहून, पावलं खांद्याइतकी लांब ठेवून, बसायला जाताना बूड टेकलं न टेकलं की उठा. दहादा. दीड मिनिट विश्रांती. असे तीन फेरे. मग ओट्याला हात टेकून तिरके दंड, दहाचे तीन फेरे. मग पाठपिशवीत पाच किलोची तांदळाची पिशवी घालून, कंबरेतून वाकून पिशवी पोटाकडे ओढायची, पुन्हा दहाचे तीन. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज बारा व्हायला लागले की वजन वाढवा. गडबड इथेच होते: तीच पिशवी, तेच दहा, सहा महिने. शरीराला सवय झाली की ते बदलायचं थांबतं.

योगाचं: आंध्र प्रदेशातल्या एका निवासी महाविद्यालयात १५ ते १८ वयाच्या मुलींवर अभ्यास झाला होता. रोज एक तास, १२ आठवडे, एका गटाला योग आणि दुसऱ्याला शारीरिक व्यायाम. वजनात दोन्हीकडे विशेष फरक नाही, पण योगाच्या गटात उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि टेस्टोस्टेरॉन जास्त सुधारलं. लक्षात घ्या, रोज एक तास. आसनं, प्राणायाम, शिथिलीकरण सगळं धरून. रविवारच्या पंधरा मिनिटांच्या कपालभातीशी त्याची तुलना नको. कपालभाती गरोदरपणाची शंका असताना किंवा रक्तदाब आटोक्यात नसताना करू नये.

झोपेबद्दल एकच: मोठ्यानं घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेत श्वास अडकतोय का ते तपासा. पीसीओएसमध्ये हे जास्त आढळतं आणि "आळशीपणा" म्हणून दुर्लक्षित राहतं.

अबोली_१२
आता घरगुती आणि आयुर्वेद. मेथी, दालचिनी, पुदिना, सीड सायकलिंग, कांचनार गुग्गुळ... गुळवेलताई, आहात का?

गुळवेल
आहे. एकेक घेते.

मेथी: रात्री भिजवून सकाळी पाणी पितात आणि दाणे फेकतात. तंतू बहुतांशी त्या दाण्यातच! मधुमेहावरच्या अभ्यासांत रोज ५ ग्रॅम किंवा जास्त मेथी वापरलेली दिसते, म्हणजे भरलेला एक चमचा, दाण्यांसकट चावून. थायरॉईडची गोळी चालू असेल तर गोळी आधी, साध्या पाण्यासोबत. मेथी किमान तासाभरानं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर औषधी मात्रेत मेथी नको. भाजी खुशाल खा.

दालचिनी: एका छोट्या अभ्यासात रोज दीड ग्रॅम, सहा महिने, आणि पाळ्यांची संख्या थोडी वाढली. किराणा दुकानातली जाड, एकपदरी, कडक साल बहुतेक कॅसिया असते. तिच्यात कूमारिन जास्त, ते रोज चमचाभर घेतल्यास यकृताला त्रासदायक. रोज घ्यायचीच तर पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली सिलोन दालचिनी घ्या.

पुदिना: स्पिअरमिंटचा चहा दिवसातून दोनदा, महिनाभर, असा अभ्यास झाला. रक्तातलं फ्री टेस्टोस्टेरॉन उतरलं, पण मोजून पाहता लव कमी झालेली दिसली नाही. केसांचं चक्र महिन्याहून बरंच मोठं असतं. पेपरमिंटच्या पिशव्या वेगळ्या, त्यांची गल्लत नको.

सीड सायकलिंगला (पाळीच्या पहिल्या आणि दुसऱ्या पंधरवड्यात वेगवेगळ्या बिया खाणं) भक्कम आधार नाही. जवसाची चटणी रोज एक-दोन चमचे खा, पाळीच्या पंधरवड्याचा हिशोब लावत बसू नका. जवस भाजून कुटलेलं हवं, अख्खं तसंच बाहेर पडतं.

आता औषधी कल्प. दुकानातून "पीसीओएस किट" घेऊ नका. कुमारी आसव पाळी आणण्यासाठी देतात, पण आधी गर्भ नाही याची खात्री करूनच. आसव-अरिष्टांत स्वनिर्मित मद्य आणि गूळ-साखर दोन्ही असतात. इन्सुलिनचा त्रास असताना तीन-तीन अरिष्टं चालू ठेवणं विसंगत आहे. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल, डिल्टियाझेमसारख्या औषधांचं शोषण घटतं. अश्वगंधा थायरॉईडचे आकडे वर नेऊ शकते, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, गरोदरपणी नको. ज्येष्ठमध रोज घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. भस्म किंवा पारद असलेले रसकल्प वैद्याच्या देखरेखीशिवाय नाहीच.

आणि लेबल नसलेली कागदी पुडी कुणाकडूनही घेऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. स्टिरॉइडनं चेहरा गोल होतो, पोट सुटतं, मुरुमं येतात, पाळी चुकते. म्हणजे हुबेहूब पीसीओएसच! मग त्या लक्षणांवर आणखी पुड्या.

काळा_चहा
गुळवेलताईंना शंभर टक्के अनुमोदन. अवांतर: १९५४ च्या औषधं आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत पाळीचे विकार, गर्भाशयाचे विकार आणि लठ्ठपणा तिन्ही आहेत. "खात्रीशीर इलाज" अशी जाहिरात दिसली की ती बेकायदेशीर आहे एवढं तरी ओळखा.

अॅक्युपंक्चर कुणी विचारायच्या आत: चीनमध्ये १,००० स्त्रियांवर मोठी चाचणी झाली, २०१७ साली प्रसिद्ध झाली. मूल होण्याचं प्रमाण त्यानं वाढलं नाही.

अबोली_१२
आणि चेहऱ्यावरची लव? थ्रेडिंगनं वाढते म्हणतात.

रानजाई
वाढत नाही. थ्रेडिंगमध्ये केस मुळातून उपटला जातो. राठ वाटतो तो वस्तऱ्यानं कापलेला केस, टोक बोथट असल्यानं, एवढंच. गोळ्या असोत की आहार, लवेवरचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात, कारण आधी उगवलेला केस तसाच असतो. लेझर करायचं तर आपल्या सावळ्या कातडीला १,०६४ नॅनोमीटरचं एनडी-यॅग सुरक्षित. कमी ताकदीनं, गालावरच्या बारीक लवेवर मारलं तर कधीकधी केस उलट दाट होतात, म्हणून पार्लरच्या पॅकेजपेक्षा त्वचारोगतज्ज्ञ गाठा. हार्मोन आटोक्यात नसतील तर अधूनमधून पुन्हा बसावं लागेल हे धरून चाला.

स्पायरोनोलॅक्टोन (लव कमी करायला देतात ती गोळी) चालू असेल तर गर्भनिरोधन सक्तीचं. मूल नको असेल तर बाकी उपायांतही गर्भनिरोधन विसरू नका: वजन उतरलं, मेटफॉर्मिन लागू पडलं की बीज आधी सुटतं आणि पाळी नंतर दिसते. "मला कुठे पाळी येते" या भरवशावर राहू नका. आणि मूल हवं असेल तर फॉलिक अॅसिड ४०० मायक्रोग्रॅम आतापासूनच.

अबोली_१२
शेवटचा प्रश्न. बीज सुटतंय का हे घरी कसं कळणार? ओव्हुलेशनच्या पट्टीवर रोजच दोन रेघा दिसतात.

सूक्ष्मदर्शक
पट्टी एलएच (बीज सुटायला लावणारं हार्मोन) मोजते. पीसीओएसमध्ये ते पुष्कळदा मुळातच चढं असतं, त्यामुळे पट्टी फसते. रोज दुसरी रेघ दिसणं म्हणजे रोज बीज सुटणं नव्हे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तोंडात दोन दशांश स्थळं दाखवणारा थर्मामीटर ठेवून तापमान लिहा. बीज सुटल्यावर ते ०.३ अंश सेल्सिअसच्या आसपास चढतं आणि पाळीपर्यंत चढंच राहतं. रात्रपाळी किंवा तुटक झोप असेल तर हा आलेख भरवशाचा नाही.

खात्री करायची तर प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी. पण ती सरसकट "२१ व्या दिवशी" करू नका. २१ वा दिवस २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. पुढची पाळी अपेक्षित असेल तिच्या सात दिवस आधी करायची: ३५ दिवसांचं चक्र असेल तर २८ व्या दिवशी. चक्राचा काही भरवसाच नसेल तर २८ व्या दिवसापासून पाळी येईपर्यंत दर आठवड्याला एक. लॅबच्या कागदावर चक्राचा दिवस लिहायला विसरू नका, नाहीतर तो आकडा वाचायचा कशाच्या आधारे?